पूर्व भागातल्या विडी कामगार बायका लसीकरणाच्या सत्राला येत नाहीत, त्यांना सोबत कसं घेऊ?

नवीन_एएनएम
नमस्कार सगळ्यांना. मी एएनएम (सरकारी आरोग्य सेविका) आहे, सोलापुरात पूर्व भागात येऊन सहा महिने झाले, त्याआधी बार्शी तालुक्यात उपकेंद्राला होते. तिकडं ओळखी पटकन झाल्या. इथं घरोघरी तेलुगू, मला चार शब्दांपलीकडं येत नाही, आणि प्रत्येक ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात, मान वर करून हसतात, "हां सिस्टर, येतो" म्हणतात आणि सत्राला येत नाहीत. वस्तीतल्या बायकांची महिला आरोग्य समिती आहे पण बैठकीत सह्या करून सगळ्या उठतात, कुणी काही बोलत नाही. एका बाळाला दीड महिन्याचं पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) दिलं होतं, अडीच महिन्याच्या डोसला आई आलीच नाही, घरी गेले तर सासूबाईंनी दारातूनच परत लावलं. वरून आकडे विचारतात ते विचारतातच, पण मला नुसतं टार्गेट भरायचं नाहीये हो, ह्या बायका माझ्याबरोबर उभ्या राहाव्यात असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू?

आशा_अक्का
ताई मी पण पूर्व भागातलीच, आशा आहे. पहिलं म्हणजे तुमच्या सत्राची वेळ बघा. सकाळी बायका विड्या द्यायला कारखान्यात जातात, तिथं रांग, मग छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघाली त्यावरून वाद, मग दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घेऊन घरी, तोवर दुपार होते, आणि आपण दहा वाजता टेबल मांडून वाट बघत बसतो, कोण येणार? आमच्याकडं आधी असंच होतं. मग मी आणि आमच्या सिस्टरनी गल्लीतल्या बायकांनाच विचारलं की तुम्हीच सांगा कधी आणि कुठं ठेवू, त्यांनी सांगितलं दुपारी तीननंतर, देवळाच्या मंडपात, कारण तिथं बसून हात पण चालू ठेवता येतात. मेडिकल ऑफिसर मॅडमनी मंजूर केलं. त्या दिवसापासून "तुमचं सत्र" जाऊन "आपलं सत्र" झालं बघा.

दुसरं, बीपी बघायला गेलात की लगेच "हात द्या" म्हणू नका. पान भिजवून, कापून, ओल्या फडक्यात ठेवलेलं असतं, ते वाळलं की वळताना फाटतं, आणि पैसे मिळतात ते हजार विड्यांवर. हातातला कट्टा, म्हणजे विड्यांचा जुडगा, बांधून होईपर्यंत शेजारी बसा. पाच मिनिटं जातात, पण त्या पाच मिनिटांत जे कळतं ते फॉर्म भरताना कधीच कळणार नाही.

आणि त्या सासूबाई, माझा अंदाज सांगते, पहिल्या डोसनंतर बाळाला ताप आला असणार, रात्रभर रडलं असणार, दुसऱ्या दिवशी सुनेच्या विड्या झाल्या नसणार. ताप येऊ शकतो हे आधी सांगितलं होतं का? कोणती लस, काय त्रास होऊ शकतो, परत कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं, हे चार निरोप आपण घाईत आईला सांगतो, पण घरात ठरवते सासू, तिच्यापर्यंत ते पोचतच नाहीत. तिच्याशी बोला. तापाला ज्वरम् म्हणतात आणि खोकल्याला दग्गु, हे दोन शब्द पाठ करा, बाकीचं त्याच शिकवतील.

कुंभारीकर
मी आरोग्य खात्यातला नाही, पण लिहावंसं वाटलं. माझी आई विडी कामगार, आम्ही आता कुंभारीच्या घरकुलात राहतो. तिला खूप दिवस खोकला होता, सगळे म्हणायचे तंबाखूची धूळ आहे, विडीवालीला खोकला असणारच, ती स्वतःही तेच म्हणायची. एका दवाखान्यात नेलं तर तिथं "इतके दिवस काय झोपला होता का" असं सगळ्यांसमोर बोलले, ती परत जायलाच तयार नाही. पुढं एक सिस्टर घरी यायला लागल्या, त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा काहीच विचारलं नाही, आईला म्हणाल्या मला विडी वळायला शिकवा. आई इतकी हसली की काय सांगू, त्यांची विडी सुटत होती सारखी, टोक मुडपायला जमतच नव्हतं. तिसऱ्या भेटीला आईच म्हणाली दग्गु जात नाही ओ. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासायचाच असं त्यांनी समजावलं, टीबी निघाला, सहा महिने गोळ्या घेतल्या, आता ठणठणीत आहे.

पण खरी गोष्ट पुढची आहे. आता गल्लीत कुणाला खोकला लागला की आईच त्याच्या घरी जाते, तेलुगूत सांगते मला पण झालं होतं, बघ मी बरी झाले. हे तुमच्या पोस्टरनं होत नाही. मात्र एक विनंती, पेशंटनं स्वतः सांगितल्याशिवाय त्याचं नाव शेजाऱ्यांना कळू देऊ नका, आमच्या ओळीत एका पोरीचं ठरलेलं लग्न त्यामुळं मोडलं.

निवृत्त_डॉक्टर
सिस्टर, आपल्या करमाळ्याला लागूनच जामखेड आहे, तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. लोकांची पहिली गरज दवाखाना नव्हती, पाणी आणि अन्न होती, 1972 च्या दुष्काळाचे दिवस ते, म्हणून त्यांनी आधी त्यालाच हात घातला. पुढं गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं, आणि त्या बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत सगळं बघायला लागल्या. मला त्यातली क्रम पाळण्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आधी त्यांचं काम, मग आपलं.

तुमच्या समितीचंच घ्या. पन्नास ते शंभर घरांमागं एक महिला आरोग्य समिती, वर्षाला 5000 रुपये अबंधित निधी, म्हणजे समितीनं स्वतः ठरवून खर्चायचे पैसे. तो कशावर खर्च करायचा हे बहुतेक ठिकाणी आपणच ठरवतो आणि बायकांच्या सह्या घेतो, मग त्या बोलतील कशाला? पुढच्या बैठकीत पासबुक मधे ठेवा आणि विचारा काय करू या. मी असताना एका वस्तीतल्या बायकांनी नळाजवळ साचणाऱ्या पाण्यावर खर्च करायचं ठरवलं, मला वाटलं होतं वजनकाटा घेतील. डेंग्यूच्या दिवसांत कळलं की त्यांचंच बरोबर होतं. आणि अजून एक, सोबत घेणं म्हणजे आपली कामं त्यांच्यावर फुकट ढकलणं नाही, हे जपा. त्यांचा एक तास म्हणजे तेवढी मजुरी.

नवीन_एएनएम
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, तुमचा अंदाज शंभर टक्के खरा निघाला. काल दुपारी रजिस्टर न घेता गेले, ओट्यावर बसले, कट्टा बांधून होईपर्यंत गप्प राहिले, मग "ज्वरम्?" एवढंच विचारलं. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवून सगळं सांगितलं, दोन रात्री बाळ अंगावरच होतं, सुनेचे दोन दिवस बुडाले, आणि केंद्रावर कुणी साधं विचारलं नाही. मी माफी मागितली. पॅरासिटामॉल कधी आणि किती द्यायचं ते दोघींना समोर बसवून दाखवलं, माझा नंबर दिला. येतो म्हणाल्या नाहीत, पण कोणत्या वारी आलं तर बाळाचा बाप घरी असतो ते सांगितलं. सत्राची वेळ बदलायचं मॅडमशी आज बोलते. अक्का, मंडपात सत्र ठेवायचं तर लस दिल्यावर अर्धा तास थांबायला तुम्ही बायकांना कसं बसवता, तेवढं सांगा.

आशा_अक्का
बसवावं लागत नाही ताई, सूप घेऊनच येतात सगळ्या. प्यायच्या पाण्याची घागर भरून ठेवा आणि पंखा चालू आहे का बघा, उन्हाळा आहे.