"तुमच्या गाडीला ग्राहक तयार आहे" असे मेसेज येतायत. विश्वास ठेवावा का?

गुहागरची लेक

नमस्कार. गाडी बाबांची आहे. वॅगनआर, 2014 ची, पेट्रोल, एमएच 08 (रत्नागिरी) पासिंग, 58 हजार किलोमीटर झालेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी स्टेअरिंग सोडलं. मी नोकरीनिमित्त बाहेर. गाडी माडाखाली ताडपत्री घालून उभी असते, आठवड्यातून एकदा शेजारचा मुलगा सुरू करून ठेवतो.

गेल्या महिन्याभरात बाबांच्या मोबाईलवर दोन वेगवेगळ्या डीलर्सचे मेसेज आले. आम्ही कुठेही जाहिरात दिलेली नाही. एकात लिहिलंय, "आपल्या गाडीला ग्राहक तयार आहे, 3 लाख 10 हजारांपर्यंत किंमत, ऑफर रविवारपर्यंत." मॉडेल, साल आणि विमा कधी संपतो हेसुद्धा त्यांना माहीत आहे. आरसी आणि आधारचे फोटो मागतायत. गाडी मात्र आपणच रत्नागिरीला न्यायची, म्हणजे तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि मग पुढे.

बाबा खूश आहेत. "एवढे मागे लागलेत म्हणजे गाडीला मागणी आहे," म्हणतात. मला धाकधूक वाटते. या गाडीतून त्यांनी आईला दोन वर्षं डायलिसिसला नेलं. ती विकताना त्यांची फसवणूक झालेली मला बघवणार नाही. कोणाला अनुभव आहे का?

चिपळूणचा मिस्त्री

ताई, आधार अजिबात पाठवू नका. व्यवहार ठरेपर्यंत त्याची गरजच नसते.

मी पंचवीस वर्षं गाड्यांची कामं करतो, डीलर लोकही माझ्याकडे गाड्या आणतात, म्हणून जे बघितलंय ते सांगतो. तुमच्या मेसेजमधला खरा शब्द 'पर्यंत' हा आहे. गाडी न बघता कोणी भाव देऊ शकत नाही. सर्व्हिसिंगला आणि विम्याला नंबर दिलेला असतो, तिथून तो फिरतो, आणि असे मेसेज एकाच वेळी शेकडो जणांना जातात. एकदा गाडी त्यांच्या आवारात उभी राहिली, दिवस मोडला, म्हाताऱ्या माणसाला पुन्हा फेरीबोट पकडायचा कंटाळा आला की भाव खाली यायला लागतो. कित्येकदा त्यांना तुमच्या गाडीपेक्षा तुम्हाला नवी गाडी विकण्यातच रस असतो. जुनीला चांगला भाव दिल्यासारखं करायचं आणि नवीवरची सूट तेवढीच कमी करायची. बाबांना नवी घ्यायचीच नाही, हे पहिल्या वाक्यात सांगून बघा.

दुसरं, 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव चढत नाही. त्यामुळे 3 लाख 10 हजार हा आकडा मला जास्त वाटतो.

भाव पाडायला ते काय दाखवतील तेही सांगतो. आपली खारी हवा. दरवाज्याच्या खालच्या कडा, सायलेन्सर, चाकांच्या कमानींची आतली बाजू, इथे गंज असणारच. तो किती खोल आहे हे आधी आपल्या माणसाकडून बघून घ्या. आणि एमएच 08 दिसलं की बाहेरचा डीलर पहिलं विचारतो, "पुरातली आहे का?" 22 जुलै 2021 ला आमचं चिपळूण बुडालं, त्यानंतर मी स्वतः कित्येक गाड्यांच्या सीटा काढून कार्पेटखालून चिखल उपसलाय. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. बुडालेली गाडी बाहेरून कितीही चकाचक केली तरी सीट बेल्ट पूर्ण ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ राहिलेली असते. तुमची गाडी गुहागरला होती, तर त्या वर्षीची सर्व्हिसिंगची बिलं शोधून हाताशी ठेवा. त्यांचं तोंड तिथेच बंद होईल.

भाट्ये पूल

मिस्त्रींनी भावाचं सांगितलं. माझं दुखणं वेगळं आहे.

2019 ला मी गाडी एका डीलरला दिली. फोन त्यांनीच केला होता. पैसे चोख मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घेतल्या, "महिन्याभरात नावावर होते," म्हणाले. मी घरी येऊन पेढे वाटले. आठ महिन्यांनी माझ्या मोबाईलवर वेगाचं ई-चलान आलं. मग अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. गाडीने एका दुचाकीवाल्याला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला होता, आणि विमा संपलेला होता. आरसीवर नाव माझंच. डीलर म्हणाला, "आम्ही तर पुढे विकली."

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितलंय की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. तीन वर्षं तारखा केल्या, शेवटी 1 लाख 60 हजार देऊन मिटवलं.

आता एक चांगली सोय आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. अशा डीलरला गाडी देताना परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म 29सी, म्हणजे गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना, भरायचा. तो झाला की नावावर होईपर्यंतची जबाबदारी डीलरची. तेव्हा फोनवर तीनच गोष्टी विचारा: अधिकारपत्र आहे का, 29सी माझ्यासमोर भरणार का, पैसे खात्यात आधी येणार का. घरगुती ग्राहक असेल तर 29 आणि 30 स्वतः आरटीओत नेऊन द्या, आणि नाव बदललेलं परिवहनच्या ॲपवर दिसेपर्यंत पाठ सोडू नका. फास्टॅगही बंद करा.

वेंगुर्ल्याचो

माका पण असोच मेसेज इलो. 4 लाख म्हणान सांगल्यानी, कुडाळाक घेवन गेलंय तर 2 लाख 90 झाले. पेट्रोल आणि दिवस फुकट. जो घराकडे येवन बघतलो, तेकाच गाडी दाखवा.

गुहागरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. भाट्ये पूल दादा, तुम्ही जे सोसलंत ते वाचून बाबा बराच वेळ गप्प बसले होते.

काल दोघांनाही फोन केला. नवी गाडी नको म्हटल्यावर एकाने "कळवतो" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याकडे अधिकारपत्र आहे, त्याने फोटोही पाठवला, 29सी ला तयार आहे, आणि गाडी न बघता आकडा सांगणार नाही असं आता सरळ म्हणाला. त्याचा माणूस शनिवारी घरी येतोय. त्याच्या आधी मिस्त्रीकाका, शुक्रवारी गाडी तुमच्याकडे चिपळूणला आणू का? पालशेतच्या एका शिक्षकांनीही विचारलंय, तेही रविवारी येतील.

2021 ची दोन बिलं देवघराच्या खणात सापडली. बाबांनी आज सकाळी चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले. स्वच्छ आहेत. आईच्या बाजूचा बेल्ट त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरला होता.