लिमिटर, मर्यादक, लगाम: नेमका शब्द कोणता?

विचारणा

ध्वनियंत्रणेवरची एक माहितीपुस्तिका मराठीत लिहिते आहे. 'लिमिटर'ला, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेला, मी 'मर्यादक' केलं आणि त्या पातळीला, 'थ्रेशोल्ड'ला, 'उंबरठा'. मजकूर तपासणाऱ्या साउंडवाल्या मित्राने पहिल्याच पानावर विचारलं, "हा मर्यादक कुठला? स्पीकर जळू न देणारा, की फाटू न देणारा?" मला वाटत होतं लिमिटर एकच असतो. माझा शब्द चुकला की समज?

प्रतिसाद

तुमच्या मित्राने मुद्द्यालाच हात घातला आहे. 'स्पीकर उडाला' असं आपण सरसकट म्हणतो, पण दुरुस्तीच्या टेबलावर तो उघडला की क्रियापद बदलतं. कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) काळी पडली असेल, करपल्याचा वास येत असेल, तर स्पीकर 'जळला'. कोन (हलणारा पडदा) चिरला असेल, स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी चकती) सुटला असेल किंवा कॉइल मागच्या पत्र्यावर आपटून चेपली असेल, तर तो 'फाटला'. हे दोन वेगवेगळे मृत्यू आहेत आणि मराठी कारागिराच्या तोंडी त्यांना आधीपासून दोन वेगळे शब्द आहेत.

जळायला वेळ लागतो. सरासरी शक्ती झेपण्यापलीकडे गेली की उष्णता साठत जाते आणि कॉइलवरचा लेप, गोंद सुटायला लागतो. त्यासाठी सरासरीवर नजर ठेवणारा, सावकाश हलणारा आरएमएस लिमिटर (आरएमएस म्हणजे शक्तीच्या हिशेबाची सरासरी). फाटायला मात्र एक दणका पुरतो, माइक खाली पडला तरी. त्यासाठी क्षणिक शिखरांवर नजर ठेवणारा चपळ पीक लिमिटर. पुस्तिकेत नुसतं 'मर्यादक' लिहिलं, तर वाचणारा एकच लावेल आणि दोन्ही धोके टळले असं समजून निर्धास्त होईल. म्हणून मी 'लिमिटर' हाच शब्द ठेवून मागे विशेषण जोडेन: सरासरी लिमिटर, शिखर लिमिटर.

दुसरा प्रतिसाद

'लगाम' का नको? फ्यूज गेला की आवाजच बंद होतो. लिमिटरमध्ये आवाज चालू राहतो, फक्त आवरला जातो. घोडा धावतोच आहे, नुसता उधळत नाही. 'मर्यादक' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

समजावून सांगताना 'लगाम' उत्तम, मीही वापरतो. संज्ञा म्हणून अडतो, कारण लगाम कुणीतरी हातात धरलेला असतो आणि लिमिटर तर आपण पाठ फिरवल्यावरही काम करायला हवा.

जपायचं आहे ते क्रियापद. 'लिमिटर लावला' म्हणजे बसवला, जुळवला. 'लिमिटर लागतोय' म्हणजे लाल दिवा पेटतोय, आवाज दाबला जातोय. आणि 'इथे लिमिटर लागतो' म्हणजे त्याची गरज आहे! बोलताना सुरावरून कळतं, छापील पानावर घोटाळा होतो. तिथे 'लिमिटर हवा' आणि 'लिमिटर कामाला लागतो' असं सुटं लिहा.

विचारणा करणारीकडून

आणि 'उंबरठा'?

उत्तर

उंबरठा ओलांडण्यासाठी असतो, तो ओलांडून आपण घरात येतो. इथे ओलांडू पाहणाऱ्याला थोपवायचं आहे. नदीच्या बातम्यांतली 'धोक्याची पातळी' मला जवळची वाटते. मात्र पातळी कुठे मोजलेली, हे सांगितल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी आहे.

एक उदाहरण देतो. स्पीकर 8 ओहमचा, सोसण्याची क्षमता 500 वॅट. वॅट गुणिले ओहम 4000, त्याचं वर्गमूळ साधारण 63. म्हणजे स्पीकरच्या टोकांवर 63 व्होल्ट आरएमएस ही हद्द. अ‍ॅम्प्लिफायर 32 डेसिबल वाढवत असेल, म्हणजे सुमारे 40 पट, तर त्याच्या आधी बसलेल्या, लिमिटर ज्यात असतो त्या प्रोसेसरमधून 1.6 व्होल्टच्या आसपासच बाहेर पडू द्यायचे. डीबीयूमध्ये (0.775 व्होल्टला शून्य धरणाऱ्या डेसिबल मापात) हे साधारण +6.2 होतं. स्पीकरजवळ 63 आणि प्रोसेसरजवळ 1.6, दोन्ही एकच पातळी! म्हणून 'स्पीकरवरची' की 'प्रोसेसरमधली' हे लिहाच. आणि अ‍ॅम्पची आवाजाची मूठ कमी ठेवून हे मोजलं असेल, नंतर कुणी ती वर नेली, तर सगळं गणित कोसळतं.

ते 500 वॅट एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी) पद्धतीने मोजलेले असतील तर चाचणी 2 तास गोंगाटाच्या संकेतावर होते आणि त्यात शिखरं सरासरीच्या 6 डेसिबल वर, म्हणजे दुप्पट व्होल्टवर असतात. म्हणून शिखर लिमिटर 126 व्होल्टच्या आसपास चालतो. सरासरी लिमिटर मात्र मी 63 वर ठेवत नाही. अर्ध्या शक्तीवर, साधारण 45 व्होल्टवर आणतो. कार्यक्रम 2 तासांत संपतोच असं नाही, आणि तापलेल्या तांब्याचा रोध वाढत जातो: दर अंशाला सुमारे 0.4 टक्के. तेवढेच व्होल्ट देऊनही आवाज उतरतो. गायकाचा आवाज बसावा तसा स्पीकरचाही बसतो. हा शब्दप्रयोग मला इथे अगदी चपखल वाटतो.

तिसरा प्रतिसाद

'अटॅक'ला कृपया 'हल्ला' करू नका. लिमिटर आवाज दाबायला किती वेळ घेतो तो अटॅक, आणि मोकळा सोडायला किती घेतो तो रिलीज; आम्ही त्यांना 'पकड' आणि 'सोड' म्हणतो. 40 हर्ट्‌झच्या एका लाटेला 25 मिलिसेकंद लागतात. सबवर (खर्जाच्या स्पीकरवर) पकड आणि सोड दोन्ही त्याहून खूप कमी ठेवल्या, तर लिमिटर प्रत्येक लाटेच्या अंगाला चिकटून तिचा आकारच वाकवतो आणि आवाज फाटतो. हे फाटणं कोनाचं नव्हे, ऐकू येणारं, तेही वेगळं सांगा. ट्वीटरला (उंच सुरांच्या स्पीकरला) पकड अगदी लहान चालते, म्हणून क्रॉसओव्हरनंतर, म्हणजे आवाज खर्ज-उंच अशा पट्ट्यांत वाटला गेल्यावर, प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा लिमिटर हवा.

आणि भोकाची पेटी असेल तर ती ज्या सुराला जुळवलेली असते, त्याहून खालच्या सुरांवर कोन मोकाट हलतो. थोड्या व्होल्टमध्येही तो हद्दीबाहेर जातो आणि लिमिटरला त्याचा पत्ता लागत नाही. तिथे खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर हवा.

विचारणा करणारीकडून

परिच्छेद बदलला आहे: 'स्पीकर जळू नये म्हणून सरासरी लिमिटर आणि फाटू नये म्हणून शिखर लिमिटर, दोन्ही लावावेत. 8 ओहम, 500 वॅटच्या स्पीकरवर सरासरी लिमिटरची धोक्याची पातळी 45 व्होल्ट, शिखर लिमिटरची 126 व्होल्ट धरावी.'

उत्तर

छान झालं. फक्त 45 पुढे 'आरएमएस' आणि 126 पुढे 'शिखर' लिहा. साधा मल्टिमीटर शिखर दाखवत नाही. कुणी तो लावून 126 येईपर्यंत आवाज वाढवत नेईल.