सल्ला हवा: डिजिटल मानव्यविद्येसाठी वरिष्ठ संशोधक कसा निवडावा?

पानाआड: नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठात डिजिटल मानव्यविद्येसाठी (म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास यांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास) वरिष्ठ संशोधकाची एक जागा मंजूर झाली आहे. मी निवड समितीत आहे आणि जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आलाय. समितीतल्या प्रत्येकाने आपली एकेक अट घातली. आता मसुद्याप्रमाणे उमेदवाराला प्रोग्रॅमिंग यायला हवं, जुनी हस्तलिखितं वाचता यायला हवीत, नकाशे, मशीन लर्निंग, निधी मिळवणं आणि वर दोन पुस्तकंही. असं माणूस मिळेल असं मला वाटत नाही. शिवाय समितीतले निम्मे सदस्य पुस्तकं आणि लेख मोजणारे. कोणी दहा वर्षं खपून एखादा ऑनलाइन कोश उभा केला असेल तर त्याला किती वजन द्यायचं, हे आमच्यात कुणालाच ठरवता येईना. ज्यांनी अशा नेमणुका केल्यात किंवा जे स्वतः अशा मुलाखतीला बसलेत, त्यांनी कृपया लिहा.

शाईपेन: दोन निवड समित्यांवर होतो, त्यातली पहिली फसली, म्हणून मनापासून लिहितोय. आम्हीही अशीच जाहिरात काढली होती. अर्ज आले ते सगळं थोडं थोडं येणाऱ्यांचे. ज्यांचं एका विषयात खरं काम होतं, त्यांनी अटी वाचूनच अर्ज केला नाही. हे नंतर त्यांच्यातल्याच दोघांनी सांगितलं.

तेव्हा आधी विभागाने ठरवावं, आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचाय. जुन्या पत्रव्यवहाराची संपादित आवृत्ती हवी असेल तर माणूस वेगळा लागतो, लाखो पानांच्या वर्तमानपत्रांतून भाषेचा बदल शोधायचा असेल तर वेगळा. अत्यावश्यक अटी दोनच ठेवा: एका मानव्यविषयातलं भक्कम संशोधन, आणि सुरू करून तडीस नेलेला निदान एक डिजिटल प्रकल्प. बाकीचं 'असल्यास उत्तम'मध्ये टाका. डिजिटल मानव्यविद्येच्या पदवीची अट तर घालूच नका. या विषयातले कितीतरी जाणते लोक इतिहास, भाषाशास्त्र किंवा ग्रंथालयातून आलेत.

कोशाच्या वजनाबद्दल: अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संघटनेची डिजिटल कामाच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१२मध्ये सुधारलेली. त्यांत स्पष्ट म्हटलंय की काम ज्या माध्यमात केलंय त्याच माध्यमात तपासावं. म्हणजे संकेतस्थळाच्या छापील प्रती वाटू नका, समितीला तासभर ते वापरायला बसवा. आम्ही दुसऱ्या वेळी हे केलं आणि पुस्तकं मोजणाऱ्या सदस्यांनीच सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

कानामात्रा: शाईपेन यांच्याशी सहमत. मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा. टीईआय ही संगणकावर मजकूर खुणा घालून चिन्हांकित करायची पद्धत १९८७पासून घडत आलीये. तिच्यात खोडलेल्या शब्दाला, वर लिहिलेल्या शब्दाला आणि नीट न लागणाऱ्या अक्षराला वेगवेगळ्या खुणा आहेत. उमेदवाराला त्याच्याच कामातलं एक पान उघडायला सांगा आणि विचारा, इथे ही खूण का, ती का नाही? खोडाखोड लेखकाची की नंतरच्या कुणाची, हे ठरवणं हीच विद्वत्ता. ज्याने ते काम स्वतः केलंय किंवा जवळून तपासलंय तो पंधरा मिनिटं बोलेल. ज्याचं फक्त नाव वर आहे तो सॉफ्टवेअरबद्दल बोलू लागेल.

दौतवाला: थोडं वेगळं मत. वरिष्ठ माणसाने प्रत्येक खूण स्वतः घालावी ही अपेक्षा चुकीची. मी बघतो ते हे की त्याच्या हाताखालचे लोक पुढे कुठे गेले. हा विषय एकट्याचा नाहीच. फादर रोबेर्तो बुसा या इटालियन धर्मगुरूंनी १९४९मध्ये आयबीएम कंपनीची मदत मिळवून थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या ग्रंथांची शब्दसूची करायला घेतली. त्या कामाला सुमारे तीस वर्षं लागली आणि छापील ५६ खंड झाले. यंत्राला मजकूर देण्यासाठी भोकं पाडलेली पंचकार्डं तयार करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या आणि त्यांची नावं कितीतरी वर्षं कुणी विचारलीही नाहीत. म्हणून उमेदवाराच्या प्रकल्पाचं श्रेयाचं पान आधी उघडा. प्रोग्रॅमर, ग्रंथपाल, विद्यार्थी यांची नावं आणि कामं लिहिलीत का? संशोधनात कुणी काय केलं हे नोंदवायच्या क्रेडिट नावाच्या वर्गीकरणात अशा १४ भूमिका आहेत, त्या हाताशी धरून उमेदवारालाच विचारा, यातलं तुमचं काय? आणि शिफारसपत्र एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याचंही मागवा.

पानाआड: खूप आभार. श्रेयाचं पान हे डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका: दोन चांगल्या उमेदवारांच्या जुन्या प्रकल्पांचे दुवे आज उघडतच नाहीत. हे त्यांच्या विरोधात धरायचं का?

शाईपेन: लगेच नको. निधी संपला, विद्यापीठाने सर्व्हर बंद केला, असं सर्रास होतं. पण मूळ डेटा कुठे आहे ते विचारा. झेनोडोसारख्या संशोधनाचा डेटा जपणाऱ्या ऑनलाइन भांडारात किंवा ग्रंथालयाच्या संग्रहात साध्या फाइलींच्या रूपात ठेवला असेल तर त्या माणसाने शेवटाचा विचार केला होता. 'तो जुन्या लॅपटॉपवर असेल' असं उत्तर आलं तर मी पुढे जाणार नाही.

अनुस्वार: मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. अशाच पदावर रुजू झाले आणि पहिल्या वर्षी विभागाचं संकेतस्थळ दुरुस्त करणं, सहकाऱ्यांचे प्रिंटर बघणं हेच माझं काम झालं. स्वतःचं संशोधन रात्री. दीड वर्षाने सोडलं. तेव्हा पानाआड, जाहिरातीआधी प्रशासनाकडून लेखी घ्या की या संशोधकासोबत पूर्ण वेळचा एक तांत्रिक सहकारी असेल, तोही कायम पदावर. वर्षाच्या करारावर नको. डिजिटल कामाला बढतीत काय वजन मिळेल तेही नेमणूकपत्रात लिहून द्या. चांगला उमेदवार मुलाखतीत हेच दोन प्रश्न विचारणार, तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं.

पानाआड: अनुस्वार, हे वाचून गप्प झाले. तांत्रिक पदाचा विषय आमच्या मसुद्यात नाहीच. सोमवारी समितीची बैठक आहे, जाहिरात पुढे ढकलून आधी तेच मांडते. अटी दोनवर आणलेला मसुदा तयार झाला की इथेच टाकेन, कृपया सगळ्यांनी तपासा.