आफ्रो-क्यूबन नृत्ये सर्वांसाठी शिकवताना मर्यादा कोठे आखावी?

प्रश्न – कथकप्रेमी, ओकलंड
नमस्कार. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आमच्या वस्तीत एक छोटी नृत्यशाळा आहे. हवानाहून आलेल्या एक शिक्षिका तेथे रुंबा आणि ओरिशांची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या परंपरेतील देवतांची, नृत्ये शिकवतात. मीही त्यांच्याकडे शिकते. येत्या उन्हाळ्यात शाळा जवळच्या उद्यानात परिसरातील सर्वांसाठी विनामूल्य वर्ग घेणार असून, त्यासाठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. येमाया ही समुद्राची देवता. तिच्या नृत्यात निळ्या-पांढऱ्या घेरदार घागऱ्याच्या कडा दोन्ही हातांनी धरून आधी संथ लाटा काढायच्या, मग त्या वाढवत नेऊन गिरक्या घ्यायच्या. मुलांना हे लगेच आवडते. परंतु सान्तेरिया या, योरुबा परंपरेतून क्यूबात घडलेल्या धर्माच्या अनुयायांसाठी ही उपासना आहे. ती उद्यानात, वाटेने जाणाऱ्या कोणालाही शिकवणे योग्य ठरेल का?

उत्तर – रंगभूमी_अभ्यासक, पुणे
या प्रश्नाशी क्यूबातील कलावंतांचा सामना फार पूर्वीच झाला आहे. 1962 मध्ये हवानात ‘कॉन्हुन्तो फोक्लोरिको नासिओनाल’ या राष्ट्रीय लोकनृत्य संस्थेची स्थापना झाली, तेव्हा तिच्यात केवळ व्यावसायिक नर्तक घेतले नव्हते. ज्यांच्या घरी आणि वस्तीत ही परंपरा जगली होती, अशा लोकांना तेथे स्थान मिळाले. येमायाच्या नृत्यासाठी ख्याती मिळवलेल्या निएवेस फ्रेस्नेदा या संस्थेत आल्या, तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या. ज्यांच्या ढोलांवर आणि पूजाविधींवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिसांची कारवाई होत असे, त्याच लोकांना गुरू म्हणून मानाने पुढे आणले गेले, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तुमच्या माहितीपत्रकातही शिक्षिकेचे नाव आणि त्या कोणाकडे शिकल्या ते सर्वांत वर यावे. नृत्याचा उगम ‘आफ्रिका’ एवढ्या एकाच शब्दात उरकू नका. योरुबा, कांगो आणि अरारा या परंपरा वेगवेगळ्या आहेत, आणि क्यूबात गुलामगिरी 1886 मध्ये संपेपर्यंत व त्यानंतरही त्या ‘काबिल्दो’ नावाच्या मंडळांमधून टिकून राहिल्या, हे दोन ओळींत तरी सांगायला हवे.

उत्तर – तालप्रेमी, टोरांटो
मी तबला वाजवतो आणि येथील एका गटात बाता ढोल शिकतो. त्या बाजूने थोडे लिहितो. बाता तीन असतात: इया, इतोतेले आणि ओकोंकोलो. प्रत्येक ढोल मांडीवर आडवा ठेवून त्याची लहान-मोठी दोन्ही तोंडे हातांनी वाजवतात. सर्वांत मोठ्या इयाकडे नेतृत्व असते, आणि तिने दिलेली हाक ओळखून बाकीचे दोघे बदल घेतात. विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठा झालेले ढोल केवळ धार्मिक समारंभात वाजतात. वर्गासाठी आणि रंगमंचासाठी तसा संस्कार न झालेले ढोल वापरतात. क्यूबन मानववंशशास्त्रज्ञ फेर्नांदो ओर्तीस यांनी 1936 मध्ये हवानात व्याख्यानाच्या निमित्ताने बाताचे जाहीर वादन घडवून आणले, तेव्हाही असेच ढोल मुद्दाम तयार करून घेतले होते. म्हणजे मर्यादा पूर्वीपासून आखलेली आहे आणि ती परंपरेच्या आतल्या लोकांनीच आखली आहे. आपल्याकडेही घरच्या गोंधळात चौक मांडून देवीला आवाहन होते, रंगमंचावर कला सादर होते, आणि त्यातला फरक गोंधळी स्वतः जाणतात. एक विनंती मात्र आग्रहाने करतो: ध्वनिमुद्रणावर वर्ग चालवू नका. नर्तकाची पावले ढोलाशी बोलतात, आणि हे समोरासमोर पाहिल्याशिवाय मुलांना कळणार नाही.

उत्तर – मीनाक्षी_ब, नाशिक
वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु उद्यानातल्या एका तासाच्या वर्गात ओरिशांची नृत्ये शिकवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दाखवावीत, गाण्यांसह समजावून सांगावीत. शिकवणी मात्र शाळेत नियमित येणाऱ्यांसाठी ठेवावी. लोकांना हात धरून आत घेण्यासाठी रुंबा आहेच. ती मुळातच हवाना आणि मातान्सास येथील गोदी-कामगारांच्या वस्त्यांतून, चाळींच्या अंगणांतून घडलेली लौकिक कला आहे, आणि 2016 मध्ये युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. याम्बू, ग्वाग्वांको आणि कोलुंबिया हे रुंबाचे प्रकार; त्यांतल्या याम्बूने सुरुवात करा. त्याची लय संथ असते, त्यामुळे वयस्कर माणसेही संकोच न करता उभी राहतात. ग्वाग्वांकोमध्ये पुरुष ‘वाकुनाओ’ नावाचा सूचक झटका देतो आणि स्त्री घागरा किंवा हात आडवा करून तो परतवते. ही चढाओढ मुलांसमोर कशी मांडायची, हे शिक्षिकेने ठरवावे. कोलुंबिया फक्त पाहण्यासाठी ठेवा, कारण तिथे एकटा नर्तक उंच स्वराच्या किंतो ढोलाला आव्हान देतो आणि ते नवशिक्यांचे काम नव्हे.

प्रश्नकर्ती – कथकप्रेमी, ओकलंड
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. ही चर्चा मी शिक्षिकेला वाचून दाखवली. मीनाक्षीताईंचे म्हणणे त्यांना पटले, पण त्यांनी त्यात एक बदल सुचवला. एलेगुआ हा वाटा उघडणारा ओरिशा असल्याने त्याचे वंदन समारंभात सर्वांत आधी होते, म्हणून त्याचे एक गीत त्या सुरुवातीला स्वतः म्हणतील आणि उपस्थितांकडून फक्त ध्रुवपद म्हणवून घेतील. त्यानंतर क्लावेचा, म्हणजे रुंबाच्या पायाभूत तालाचा, ठेका टाळ्यांवर, मग याम्बू, आणि शेवटी शाळेच्या विद्यार्थिनींचे येमाया नृत्य, जे लोकांनी बसून पाहायचे आहे. बाता वाजवणारे तिघे येथीलच असून वर्ग विनामूल्य असला तरी त्यांचे मानधन शाळा देणार आहे. तालप्रेमींना एक विचारते: उघड्या मैदानात ओकोंकोलो ऐकू येण्यासाठी वादकांना कोणत्या क्रमाने बसवावे?

उत्तर – तालप्रेमी, टोरांटो
इया मध्यभागी ठेवा आणि बाकीचे दोघे तिच्या दोन्ही बाजूंना. मागे भिंत किंवा झाडांची दाट रांग असेल अशी जागा निवडा, आणि नर्तकांना वादकांच्या समोरच उभे करा, पाठमोरे नको.