‘घरच्यांसोबत बघावं असं टीव्हीवर काय उरलंय?’ आधी घरात टीव्ही किती ते सांगा

साखरपेठकर
परवा इथं एका दादांनी लिहिलं, ‘घरच्यांसोबत बसून बघावी अशी एक मालिका राहिली नाही. रामायणाच्या वेळी अख्खी गल्ली एकत्र बसायची, आता संस्कारच संपले.’ दोन दिवस गप्प बसलो. आता नाही राहवत.

दादा, अख्खी गल्ली बसायची कारण गल्लीत टीव्हीच एक होता! २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं, तेव्हा आम्ही पोरं एका कारखानदाराच्या उंबऱ्याबाहेर, लोकांच्या चपलांवर बसून बघायचो. मालकीणबाई टीव्हीला हार घालून नारळ फोडायच्या. खोबरं मात्र आत बसलेल्यांनाच. ही तुमची एकत्र बसलेली गल्ली. चॅनेलपण एकच, आवडलं नाही म्हणून जाणार कुठं?

आणि सोज्वळ म्हणाल तर पुढच्याच वर्षी २ ऑक्टोबरला महाभारत लागलं. जुगार, वस्त्रहरण, भावाभावांत कापाकापी. वस्त्रहरणाच्या भागाला आमचे आजोबा खोकत उठले आणि नळाला पाणी आलंय का बघायला गेले. त्या दिवशी पाण्याची पाळीच नव्हती.

आज आमच्या घरी एक टीव्ही आणि चार मोबाईल आहेत. संस्कार तेवढेच आहेत, खोल्या वाढल्या.

जुळे_सोलापूरचे_काका
ते ‘दादा’ मीच. खोबरं मिळालं नाही त्याचा राग रामायणावर काढायचा, हे भारीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं तेच रामायण परत लावलं. तेव्हा तर घरोघरी टीव्ही होते, मोबाईल होते, तरी आमच्याकडं सकाळी नऊला सहाच्या सहा माणसं सतरंजीवर. याचं काय उत्तर?

बरं, देवाधर्माचं सोडा. अल्फा मराठीवरचं ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ घ्या. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. घरातल्या घरात बारीकसारीक घोळ, पण कुणी कुणाच्या दुधात विष घातलं नाही. आता नातीला घेऊन बसलो की रिमोट हातातच ठेवावा लागतो. कधी कोण कुणाच्या गळ्यात पडेल, नेम नाही.

साखरपेठकर
लॉकडाऊनमध्ये बाहेर पडलं की काठी बसत होती काका. तेव्हा आम्ही बातम्यासुद्धा एकत्र बघितल्या.

शेंगाचटणी
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. टिपरे आठवड्यातून एकदा लागायचं. लिहायला वेळ असायचा. आता आठवड्याचे सहा-सहा दिवस, वर महाएपिसोड. रोज अर्धा तास भरायचा म्हटलं की लेखक बिचारा विषच घालणार. रोज पुरणपोळी करून दाखवा, तिसऱ्या दिवशी तुम्हीपण पीठच वाढाल.

आणि मालिका परवडली, मधल्या जाहिराती नको. सासऱ्यांसमोर ‘ती’ जाहिरात लागली की मी आत जाऊन नसलेलं दूध बघून येते.

पूर्वभागाची_लेक
तुम्ही सगळे ‘कुटुंब’ म्हणता, ते कुठल्या भाषेतलं? आमच्या घरी अम्मम्माला, म्हणजे आजीला तेलुगू, मला मराठी, माझ्या पोराला हिंदी कार्टून. अम्मम्मा चाळीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू. टीव्हीकडं मान वर करून बघत नाही. हजार विड्या वळायच्या तर बघणार कधी? नुसतं ऐकते. म्हणून तिला तेलुगूच लागतं. मराठी मालिकेत अर्धा वेळ नुसतं धाडधाड संगीत आणि तिघींचे डोळे मोठे केलेले. ऐकणाऱ्याला काय कळणार? तिच्यासोबत बसून बघायची मालिका कोण काढणार, सांगा.

होटगी_रोड
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण महाराष्ट्रात राहून घरात तेलुगू चॅनेल लावायचा, मग मराठी मालिकांना प्रेक्षक कुठून येणार?

पूर्वभागाची_लेक
का बे? चार पिढ्या या गावाच्या चादरी विणल्या त्या तेलुगूत विणल्या. अंगावर घेताना भाषा विचारली होती का?

शेंगाचटणी
🔥 जेवण करून येते, तोवर संपवू नका.

होटगी_रोड
चादरीचा काय संबंध? मी मराठीचं बोलतोय.

साखरपेठकर
कुठल्या मराठीचं? तुमच्या मालिकेत गावाकडचं माणूस म्हटलं की कोल्हापूरचं, नाहीतर मालवणचं. आपल्या सोलापूरचं ‘काय करलालास’, ‘कुठं चाललास बे’ कधी ऐकलंय मेन रोलमध्ये? आपलं बोलणं आलंच तर नोकराच्या तोंडी, हसायला. माझ्या भावाचं पुण्यात शिकताना त्याच बोलण्यावरून नाव पडलं होतं. पहिलं वर्षभर तो वर्गात तोंडच उघडायचा नाही. आपण तेलुगू बाईला मराठी शिकवायचं आणि पुण्यानं आपल्याला.

होटगी_रोड
बरं बाबा, तुम्हीच शहाणे. आमची आजी घरात कन्नड बोलायची, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणीतरी काढेलच.

पूर्वभागाची_लेक
😂 मग आजी काय बघायची?

होटगी_रोड
कुस्ती. आवाज बंद करून.

जुळे_सोलापूरचे_काका
माझा प्रश्न काय होता आणि कुठं नेलात. चला, एवढं मान्य करतो, की गल्लीत टीव्ही एकच होता आणि आमचा होता त्यामुळं मला आत जागा मिळायची. बाहेर कोण बसलंय, हे कधी वळून बघितलं नाही. बाकी एक शब्द मागं घेणार नाही. हल्लीच्या मालिका टुकारच आहेत.

साखरपेठकर, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत भेटा. नारळ देतो.

साखरपेठकर
अख्खा द्या. इतक्या वर्षांचं व्याज आहे, आणि काका, नक्की कुठल्या गल्लीत राहायचा तुम्ही?