मदत हवी आहे : ४५० वॅटच्या एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड चालेल का?

धाकटी लेक ॲनिमेशन शिकतेय. घरच्या पीसीत रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जुनं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, ४ जीबीचं. काल रात्री तिने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वाड्याचा सीन रेंडरला (म्हणजे अंतिम चित्र तयार करायला) लावला, तर कार्डची मेमरी भरून सगळं अडकलं. बिचारी दीड वाजेपर्यंत अंगणातल्या झाडाची पानं कमी करत बसली होती. बघवेना.

आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटमध्ये भागतं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. पण ६ जीबी तिला वर्षभरात पुन्हा कमी पडेल असं मला वाटतं. म्हणून मन ३०६० च्या १२ जीबीवाल्याकडे ओढतंय. ते १७० वॅट खातं, आणि माझा एसएमपीएस सहा वर्षं जुना. आठ पिनची केबल एकच. एएमडीचं आरएक्स ६६०० बघितलं होतं, पण ऑप्टिक्स (रेंडर वेगाने करणारं तंत्र) फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतं, त्यामुळे ते सोडलं.

असा सेटअप कोणी वापरतंय का? एसएमपीएस आधी बदलू का? आणि सेकंडहँड कार्ड घेताना दुकानात उभ्या उभ्या काय तपासायचं, तेही सांगा. कॅबिनेटमध्ये जागा २५ सेंटीमीटरच आहे, टेपने मोजली.