माळ्यावर घुबडाचं बिऱ्हाड, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाच्या जोडीने संसार थाटलाय. हे घुबड घुमत नाही, फिसकारतं. त्यामुळे सासूबाई रोज रात्री सासऱ्यांना 'घोरणं आवरा' म्हणून दटावतात, आणि ते बिचारे टक्क जागे! जिन्यात घुबडांनी ओकलेले काळपट, चकचकीत गोळे पडतात. धाकट्याने एक फोडला, तर आत केसांत गुंडाळलेली उंदराची अख्खी कवटी, दातांसकट. आता ती त्याच्या दप्तरात असते.

पिल्लं उडायला साधारण 8 ते 9 आठवडे लागतात, तोवर हाकलायचं नाही हे ठरलंय. (उंदीरही कमी झालेत, खोटं कशाला बोलू.) पण वास असह्य आहे हो. पिल्लांना न बिचकवता खालची घाण कशी काढावी? आणि ती उडून गेल्यावर झरोक्याला जाळी लावली तर चालेल का?